गाडी आहे, माणसे कुठे आहेत?

काटकसरीचे परिपत्रक निघाले की कात्री पहिल्यांदा कुठे चालते, हे रेल्वे आणि टपाल कामगारांना सांगायला नको. 16 मे 2001 चा केंद्र सरकारच्या कार्मिक खात्याचा आदेश टपाल खात्यातील बंधू-भगिनी अजून विसरलेल्या नाहीत. सरळ भरतीच्या दर तीन रिकाम्या जागांपैकी एकच भरायची, तीही एकूण मंजूर पदांच्या एक टक्क्याच्या मर्यादेत, आणि उरलेल्या जागा रद्द. हा प्रकार 2009 पर्यंत चालला. पोस्टमनच्या बीटला बीट जोडली गेली, काउंटरवरचा एक माणूस दोघांचे काम करू लागला. आमच्याकडे रेल्वेत याच रोगाचे नाव 'वर्क स्टडी'. चार दिवस घड्याळ घेऊन कोणीतरी येतो, पाचव्या दिवशी दहा पदे 'सरेंडर' झाल्याचा कागद येतो.

आज आम्ही आपल्या खात्यापलीकडे जाऊन एका वेगळ्या खात्याविषयी लिहिणार आहोत. ते खाते आहे अग्निशमन दलाचे. इकडे भिलाईत हिंदीत त्याला दमकल म्हणतात, नागपूर-भंडाऱ्याकडून आलेले जुने लोक अजून 'बंब' म्हणतात. हा विषय आपला कसा, असे कोणी विचारील. ज्याच्या घराला किंवा यार्डाला आग लागू शकते, त्या प्रत्येकाचा तो आहे, हे एक उत्तर झाले. दुसरे उत्तर असे की, काम करणाऱ्या माणसाला 'बसलेला माणूस' ठरवून काढून टाकण्याची युक्ती आपल्यावर जशी चालते, तशीच या लोकांवर चालते. त्यांची युनियन मात्र बहुतेक ठिकाणी दुबळी आहे किंवा नाहीच.

रेल्वे कामगारांनी फाटकवाल्याचे उदाहरण डोळ्यांसमोर आणावे. कामाच्या तासांच्या नियमात 'कंटिन्युअस' आणि 'एसेन्शियली इंटरमिटंट' असे वर्ग आहेत. ज्याच्या कामात मधे मधे रिकामा वेळ असतो, त्याला ई.आय. रोस्टरमध्ये टाकतात आणि बारा बारा तास राबवतात. फाटकवाला दोन गाड्यांच्या मधे बसलेला दिसतो. तो बसलेला असतो म्हणजे गाडीची वाट पाहत असतो, आणि वाट पाहणे हेच त्याचे काम असते, ही गोष्ट हिशोबाच्या वहीत कुठेही मांडता येत नाही. अग्निशमन दलाची सगळी नोकरी या एका गोष्टीवर उभी आहे. आग लागली नाही तो दिवस हिशोबनिसाला वाया गेलेला दिसतो. वर्षभरात किती 'कॉल' आले, त्याला माणसांच्या संख्येने भागायचे आणि दर माणशी काम कमी निघाले की पदे गोठवायची. हे करताना त्या वर्षी काहीच बिघडत नाही, म्हणून करणाऱ्याला शाबासकी मिळते. बिघडते ते पुढे कधीतरी, एकाच दिवशी.

आता थोडे गणित करू. आगीची एक गाडी नीट चालवायची तर चालक-पंप ऑपरेटर, एक लीडिंग फायरमन आणि चार फायरमन अशी सहा माणसे धरा. आठ तासांच्या तीन पाळ्या म्हणजे अठरा. प्रत्येकाला आठवड्याची सुटी द्यायची तर रेस्ट गिव्हर धरून एकवीस. रजा, आजारपण, प्रशिक्षण यांसाठी आपल्याकडच्यासारखे साडेबारा टक्के लीव्ह रिझर्व्ह धरले की चोवीस. म्हणजे गेटाबाहेर उभ्या असलेल्या एका लाल गाडीमागे चोवीस माणसे पगारपत्रकावर हवीत. ती चोवीस नाहीत, चौदाच आहेत, तर काय करतात? अनेक नगरपालिकांत केले तेच: चोवीस तास ड्यूटी, चोवीस तास सुटी. सहा आणि सहा बारा, वर दोन जादा. भागले! आठवड्याचे सरासरी चौऱ्याऐंशी तास होतात, ओव्हरटाइमचा प्रश्न नाही, कारण रात्री ते 'झोपलेले' असतात. आणि चौदाही नसली तर गाडी दोघातिघांवर निघते.

दोघातिघांवर निघालेली गाडी काय करू शकते? पाण्याचा दाब असलेली नळी धरायला दोन माणसे लागतात. एक पंपावर. धुरात जायचे असेल तर श्वासयंत्राचे सिलिंडर पाठीला लावून जोडीनेच जायचे, एकट्याने नाही, हा नियम आहे. बाहेर एकाने कोण किती वाजता आत गेला आणि हवा किती उरली हे मोजत राहायचे, आणि आतले अडकले तर त्यांना काढायला दुसरी जोडी तयार ठेवायची. सिलिंडरवर लिहिलेली मिनिटे मध्यम कष्टाचे काम करणाऱ्या माणसाच्या हिशोबाने असतात. जिने चढणारा, माणूस खांद्यावर घेणारा फायरमन ती हवा अर्ध्या वेळात संपवतो. तेव्हा तीन माणसांच्या गाडीपुढे दोनच मार्ग उरतात. एक तर बाहेरून पाणी मारत राहायचे आणि आतल्याला नशिबावर सोडायचे, नाही तर नियम मोडून आत शिरायचे. बहुतेक जण दुसरा मार्ग घेतात. मेले तर शहीद, वाचले तर नियमभंग.

काही उन्हाळ्यांपूर्वी लाइनलगतच्या वाळक्या गवताला लागलेली आग जुन्या लाकडी स्लीपरांच्या ढिगापर्यंत आली, तेव्हा हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. ठिकाणाचे नाव देत नाही, त्या बिचाऱ्यांवरच चौकशी लागायची. गाडी वेळेत आली. गाडीतून चालक उतरला आणि त्याच्यामागे एक माणूस उतरला, बस. नळी धरली ती आमच्या गँगमननी (आता त्यांना ट्रॅक मेंटेनर म्हणायचे). क्रिओसोट प्यालेले लाकूड कसे पेटते ते रेल्वेवाल्यांना ठाऊक आहे. अर्धा ढीग गेला, माणूस कोणी गेला नाही, म्हणून त्याची कुठे बातमी झाली नाही. दुसऱ्या दिवशीच्या अहवालात 'अग्निशमन वाहन तत्काळ उपलब्ध झाले' असे वाक्य होते. ते खोटे नव्हते. वाहन खरोखरच उपलब्ध झाले होते.

भिलाईविषयी आता सविस्तर लिहितो, कारण इथे आग आणि गॅस हा रोजच्या कामाचा भाग आहे. 1955 साली सोव्हिएत संघाशी करार होऊन हा पोलाद कारखाना उभा राहिला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या भट्टीचे उद्घाटन केले. तुम्ही ज्या रुळावरून रोज गाडी नेता, तो बहुधा इथलाच असतो. या कारखान्यात कोक ओव्हनचा गॅस आणि भट्टीचा गॅस मोठमोठ्या नळ्यांतून मैलोन् मैल फिरतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, माणूस उभ्या जागी कोसळतो.

12 जून 2014 च्या संध्याकाळी पाण्याच्या पंपहाउसमध्ये बिघाड झाला, पाण्याचा दाब पडला आणि भट्टीचा गॅस पाण्याच्या नळीतून उलटा पंपहाउसमध्ये शिरला. सहा जण दगावले, त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक होते. तिसाहून अधिक लोकांना इस्पितळात न्यावे लागले. जे मदतीला धावले, तेही गॅसच्या तडाख्यात सापडले. चार वर्षांनी, 9 ऑक्टोबर 2018 च्या सकाळी, कोक ओव्हनच्या अकरा नंबरच्या बॅटरीजवळ गॅसच्या नळीवर ठरवून हाती घेतलेले दुरुस्तीचे काम चालू असताना भडका उडाला. त्या दिवशी नऊ जण गेले, पुढे सेक्टर 9 च्या इस्पितळात भाजलेल्यांपैकी आणखी काही गेले. गेलेल्यांत ऊर्जा व्यवस्थापन विभागाचे कामगार होते, तसेच अग्निशमन विभागाचेही होते. ही माणसे आग विझवायला धावून आलेली नव्हती. गॅसच्या नळीवर काम चालू असताना बाजूला सज्ज उभे राहणे, हीच त्यांची ड्यूटी होती. हिशोबाच्या भाषेत ते तिथे 'बसलेले' होते.

त्या अपघातानंतर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला हटवले गेले, दोन अधिकारी निलंबित झाले. माणसे कमी होती म्हणूनच हा स्फोट झाला, असे आम्ही म्हणणार नाही. असा सोपा निष्कर्ष काढणे युनियनलाही शोभत नाही. पण कोणत्या पार्श्वभूमीवर हे घडले ते तर सांगितले पाहिजे. स्टील अथॉरिटीच्या सगळ्या कारखान्यांत मिळून गेल्या शतकाच्या अखेरीस पावणेदोन लाखांच्या आसपास कायम कामगार होते. ऐच्छिक निवृत्तीच्या योजना आल्या, निवृत्त झालेल्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत, आणि आज ही संख्या साठ हजारांच्याही खाली आहे. पोलाद कमी झालेले नाही, वाढलेच आहे. मधली जागा यंत्रांनी काही भरली, बाकी ठेका कामगारांनी. ज्या भिलाईत शंकर गुहा नियोगींनी ठेका कामगारांसाठी लढा उभारला आणि 28 सप्टेंबर 1991 च्या पहाटे ज्यांना झोपेत गोळी घातली गेली, त्याच भिलाईत.

ठेका कामगाराचा आणि आगीचा संबंध काय? धोक्याच्या ठिकाणी जुना माणूस ही स्वतःच एक यंत्रणा असते. कोणता व्हॉल्व्ह फिरवला की कोणत्या नळीतला दाब पडतो, वारा कुठून असला की कुठे उभे राहायचे नाही, कोणत्या कामाला नाही म्हणायचे, हे त्याला वीस वर्षांनी कळलेले असते, आणि नाही म्हणण्याइतकी नोकरी पक्की असते. सहा महिन्यांच्या गेटपासवर आलेला माणूस नाही म्हणाला तर पुढचा गेटपास मिळत नाही. फायरमनचेही तसेच. अग्निशमनाचे काम ठेक्यावर देण्याची हवा आता देशभर आहे. पुस्तकी प्रशिक्षण झालेली मुले येतात, चांगली असतात, धाडसी असतात, आणि वर्षा-दोन वर्षांत दुसरीकडे कुठे कायम नोकरी लागली की जातात. जायलाच हवे, त्यांना दोष कोण देईल? पण दल मात्र दरवर्षी नवशिकेच राहते.

कारखान्याच्या कुंपणाबाहेर सुपेला आहे, पॉवर हाउसचा बाजार आहे, कॅम्प आणि खुर्सीपारच्या दाट वस्त्या आहेत, गॅस सिलिंडर आणि कपड्यांची दुकाने एकमेकांना चिकटलेली आहेत. तिथली जबाबदारी सरकारची. 74 व्या घटनादुरुस्तीने बाराव्या परिशिष्टात अग्निशमन सेवा नगरपालिकांच्या कामांत घातली. काम दिले, पैसा दिला नाही. जकात गेलेल्या, पाणीपट्टी न वसूल होणाऱ्या नगरपालिकेत दिवे, गटारे आणि रस्ते यांच्यामागे बंबाचा नंबर लागतो. कारण दिवा बंद पडला की नगरसेवकाच्या दारात माणसे येतात, आणि फायरमनची जागा रिकामी राहिली तर कोणी येत नाही. छत्तीसगडने 2018 साली अग्निशमन व आपत्कालीन सेवांचा वेगळा कायदा केला, हे काम नगरसेनेच्या छत्राखाली आणले. एका खात्याखाली आले हे चांगलेच. पण पाटी बदलल्याने गाडीतली माणसे वाढत नाहीत.

देशाचे चित्र याहून वेगळे नाही. केंद्रीय गृहमंत्रालयाने 2011-12 च्या सुमारास जो अभ्यास करवून घेतला, त्यात देशात सुमारे तीन हजार अग्निशमन केंद्रे आढळली, आणि हवी होती साडेआठ हजारांवर. शहरात पाच ते सात मिनिटांत आणि खेड्यात वीस मिनिटांत गाडी पोचावी, असा सरकारच्याच सल्लागार मंडळाचा निकष आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून 2023 साली अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी 5,000 कोटींची योजना आली. तिचे आम्ही स्वागत करतो. त्यातून केंद्रे, गाड्या, साधने येतील. मात्र गाडीतल्या माणसाचा दर महिन्याचा पगार शेवटी राज्यानेच द्यायचा आहे. गाडी एकदा विकत घेता येते, तिच्यापुढे नारळ फोडता येतो, फोटो काढता येतो. चोवीस माणसांच्या पगाराचा फोटो निघत नाही. म्हणून गाड्या येत राहतात आणि चालकांच्या जागा रिकाम्या राहतात.

आपल्या नागपूर-दुर्ग लाइनवरच्या भंडाऱ्याचे उदाहरण जवळचे आहे. 9 जानेवारी 2021 च्या मध्यरात्रीनंतर तिथल्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळे गेली. आग विझवण्याची यंत्रणा बसवण्याचा प्रस्ताव कागदावर होता, मंजुरीची वाट पाहत होता. पुढे काय झाले? वरच्यांपैकी कोणी निलंबित झाले, कोणाची बदली झाली, कंत्राटी परिचारिकांची नोकरी गेली, आणि नंतर परिचारिकांवर गुन्हा नोंदला गेला. प्रस्तावाच्या फायलीवर कोणी गुन्हा नोंदल्याचे आमच्या वाचनात नाही. रेल्वेत अपघात झाला की स्टेशन मास्तर, पॉइंट्समन, लोको पायलट यांच्यापर्यंत येऊन चौकशी थांबते, तसेच हे झाले.

ही फक्त गरीब देशाची गोष्ट आहे असेही नाही. लंडनमध्ये जानेवारी 2014 मध्ये काटकसरीच्या नावाखाली एका दिवसात दहा अग्निशमन केंद्रे बंद केली, चौदा गाड्या काढल्या, साडेपाचशेवर पदे रद्द केली. काही स्थानिक कौन्सिले कोर्टात गेली, हरली; तिथल्या फायर ब्रिगेड्स युनियननेही विरोध केला. त्यांचा मुद्दा साधा होता: पहिली गाडी येईल हो, पण दुसरी किती वेळाने येईल ते सांगा. पहिल्या गाडीची माणसे आत शिरायची की नाही हे दुसरी गाडी कुठे आहे यावर ठरवतात. तिकडच्या सरकारने सरासरी दाखवून उत्तर दिले. सरासरीत सगळे ठीकच असते.

मुंबई गोदीत 14 एप्रिल 1944 रोजी 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला, तेव्हा 66 अग्निशमन जवान गेले. त्यांच्या आठवणीत दरवर्षी त्या दिवसापासून अग्निशमन सप्ताह पाळतात. (तो दिवस बाबासाहेबांच्या जयंतीचाही, स्फोट झाला त्या वर्षी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते.) 9 मे 2015 ला काळबादेवीच्या गोकुळ निवास इमारतीच्या आगीने मुंबई दलाचे चार अधिकारी नेले. सप्ताहात शिट्टी वाजते, पुष्पचक्र वाहतात, शाळेच्या मुलांना शिडी दाखवतात. आमची तक्रार पुष्पचक्राविषयी नाही. ज्या कार्यालयातून पुष्पचक्राचे बिल पास होते, त्याच कार्यालयात भरतीची फाइल वर्षानुवर्षे पडून असते, एवढेच आमचे म्हणणे.

पैसा नाही, हे उत्तर नेहमी मिळते. काही अंशी ते खरेही आहे, लहान नगरपालिकेला चोवीस माणसांचा पगार जड जातो हे आम्हाला कळते. पण सुरक्षेसाठी म्हणून पैसा निघतो तेव्हा तो कुठे जातो तेही पाहू. 2012 साली काकोडकर समितीने रेल्वेच्या सुरक्षेशी संबंधित वर्गातल्या सव्वा लाखाच्या आसपास रिकाम्या जागांकडे बोट दाखवले. पुढे 2017-18 पासून एक लाख कोटींचा राष्ट्रीय रेल संरक्षा कोष उभा राहिला. आणि महालेखापरीक्षकांच्या 2022 च्या अहवालात काय आढळले? त्या कोषातून पायाला मालिश करण्याची यंत्रे आणि कपबश्या घेतल्याच्या नोंदी. रुळावर चालून चालून पाय दुखतात ते ट्रॅकमनचे, पण ती यंत्रे कुठल्या गँगच्या टूलबॉक्समध्ये आल्याचे आम्ही तरी पाहिलेले नाही.

काही सुशिक्षित मंडळी म्हणतात, आता धुराची सूचना देणारी यंत्रे आहेत, छतातून आपोआप पाणी पडते, माणसे कशाला. यंत्रे जरूर हवीत, भंडाऱ्यात ती असती तर कदाचित बाळे वाचली असती. पण यंत्र सूचना देते म्हणजे कोणाला तरी देते. ती घेऊन धावणारा हवा. आणि सुपेल्याच्या गल्लीत छतातून पाणी पडायला आधी छत धड पाहिजे.

आमच्या शाखेने ठरवले आहे आणि इतर शाखांनाही विनंती आहे की, आपापल्या यार्ड, शेड, आर.एम.एस. किंवा मुख्य डाकघरापासून सर्वांत जवळचे अग्निशमन केंद्र कोणते, ते जाऊन पाहावे. गाड्या किती हे विचारू नये, ते सांगतीलच. रात्री दोन वाजता एका गाडीवर प्रत्यक्ष किती माणसे निघतात, त्यांतली कायम किती, श्वासयंत्रे भरलेली किती, आणि दुसरी गाडी कुठून आणि किती वेळात येते, हे विचारावे. तोंडी सांगायला ते घाबरतील, कारण त्यांनाही नोकरी आहे. तेव्हा मंजूर पदे आणि भरलेली पदे यांची माहिती माहितीच्या अधिकारात शाखेच्या एखाद्या सभासदाने आपल्या नावाने मागावी, दहा रुपयांचे काम आहे. टपाल खात्यातल्या बंधूंनी पोस्टल ऑर्डर जोडताना ती कोणाच्या नावे काढायची हे नीट पाहावे, एवढ्याच कारणावरून आमचा एक अर्ज परत आला होता.

आलेले आकडे केंद्रीय कार्यालयाकडे पाठवावेत. फाटकवाल्याच्या ई.आय. रोस्टरचा प्रश्न पुढच्या बैठकीत निघेल, तेव्हा त्याच कागदाच्या मागे हे आकडे जोडायचे आहेत.